घरच्या कॉम्प्युटरची व्हर्च्युअल मेमरी: किती ठेवायची, कुठे ठेवायची आणि कधी हात लावायचा नाही

इंदूरच्या मराठी घरांत बहुतेक ठिकाणी एकच कॉम्प्युटर सगळ्यांना पुरवून पुरवून वापरतात. सकाळी मुलीचा ऑनलाइन क्लास, दुपारी टॅलीवर हिशेब, रात्री मुलाचा गेम. भंवरकुआंला कोचिंगसाठी बऱ्हाणपूर-खंडव्याकडून आलेली मुले तर जुना लॅपटॉप घेऊनच येतात. मग एके दिवशी पडद्यावर सूचना येते: मेमरी कमी पडते आहे, प्रोग्रॅम बंद करा. क्रोमचे टॅब कोरे पडतात, एक्सेल न सांगता मिटते. ओळखीचा एक जण म्हणतो, "व्हर्च्युअल मेमरी वाढव." दुसरा म्हणतो, "ती बंदच करून टाक, एसएसडी खराब होते." व्हर्च्युअल मेमरी म्हणजे रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, कमी पडली की डिस्कवरची जागा मेमरीसारखी वापरायची सोय; एसएसडी म्हणजे न फिरणारी, चिपची डिस्क.

आमच्या घरचे, बहिणीकडचे आणि सुदामा नगरातल्या बऱ्याच ओळखीच्यांचे कॉम्प्युटर मी लावून दिले आहेत. हे सेटिंग समजायला मला बराच वेळ लागला, कारण जो तो वेगळा आकडा सांगतो. माझे मत आता पक्के आहे: हा आकडा रॅमला कशाने तरी गुणून निघत नाही. तो तुमच्या कामावरून ठरतो, आणि पाच मिनिटांत मोजता येतो. निम्म्याहून जास्त घरांत मोजल्यावर लक्षात येते की सेटिंगला हात लावायची गरजच नव्हती, सी ड्राइव्हवर जागा करायची गरज होती.

खालच्या पायऱ्या विंडोज १० आणि ११ दोन्हींना चालतात. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तरी अनेक घरांत अजून तीच आहे.

सुरुवातीला हाताशी काय हवे

- अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड. मुलांच्या खात्यातून हे सेटिंग बदलत नाही.
- वही आणि पेन. जुने आकडे लिहून ठेवल्याशिवाय नवे टाकू नका.
- मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स विभागातला 'प्रोसेस एक्सप्लोरर' हा प्रोग्रॅम. फुकट आहे, इन्स्टॉल करावा लागत नाही. फक्त मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या.
- नेहमीचे काम करून बघायला एक पूर्ण संध्याकाळ.

१. ही भानगड काय आहे ते आधी समजून घ्या

प्रत्येक प्रोग्रॅमला विंडोज मेमरीचा स्वतंत्र पत्ता-नकाशा देते. प्रोग्रॅमला वाटते की सगळी मेमरी आपलीच. प्रत्यक्षात ती ४ केबीच्या छोट्या तुकड्यांत वाटलेली असते आणि कुठला तुकडा रॅममध्ये कुठे आहे याची नोंद विंडोज आणि प्रोसेसर मिळून ठेवतात. या तुकड्यांना पेज म्हणतात. बराच वेळ कोणी हात न लावलेली पेजेस डिस्कवरच्या एका फाइलमध्ये हलवता येतात, म्हणजे रॅम चालू कामाला मोकळी होते. ती फाइल म्हणजे पेजफाइल. सी ड्राइव्हवर ती लपवलेली असते, नाव 'पेजफाइल डॉट सिस'. कल्पना जुनी आहे. मँचेस्टरच्या अ‍ॅटलस कॉम्प्युटरमध्ये ती १९६२ साली चालू झाली होती.

आता सगळ्यात महत्त्वाचा आकडा: कमिट. प्रोग्रॅम मेमरी मागतो तेव्हा विंडोज त्याला शब्द देते की तू म्हणशील तेव्हा एवढी जागा मिळेल. अशा दिलेल्या सगळ्या शब्दांची बेरीज म्हणजे कमिट. लग्नाच्या आमंत्रणांसारखा हा हिशेब असतो. हॉलमध्ये दोनशे पाने मांडता येतात, मागच्या मांडवात आणखी शंभर, तर विंडोज नावाचा यजमान तीनशेच्या वर एकही पत्रिका देत नाही, मग आलेले पाहुणे दीडशे का असेनात. हॉल म्हणजे रॅम, मांडव म्हणजे पेजफाइल, आणि दोन्हींची बेरीज म्हणजे कमिटची मर्यादा. ती गाठली की पुढच्या प्रोग्रॅमला 'नाही' ऐकावे लागते, आणि बरेच प्रोग्रॅम 'नाही' ऐकले की तिथेच कोसळतात.

म्हणूनच 'रॅम अजून २ जीबी मोकळी दिसते, तरी मेमरी संपली कशी?' हा प्रश्न पडतो. रॅम शिल्लक असते, शब्द द्यायची मर्यादा संपलेली असते.

२. आहे त्याची नोंद करा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स', मग 'मेमरी'. वहीत लिहा:

- एकूण रॅम. ८ जीबीच्या मशिनवर ७.८ किंवा त्याहूनही कमी दिसले तर घाबरू नका. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सने आपला वाटा बाजूला काढलेला असतो.
- 'कमिटेड' खालचे दोन आकडे, मध्ये तिरकी रेघ. उदाहरणार्थ ९.६/११.८ जीबी. पहिला आत्ताचा कमिट, दुसरा मर्यादा. दुसऱ्यातून रॅम वजा केली की सध्याची पेजफाइल निघते. इथे ४ जीबी.
- 'स्लॉट्स यूज्ड', म्हणजे रॅमच्या किती खाचा भरल्या आहेत. पुढे रॅम घ्यायची झाली तर लागेल.

मग त्याच खिडकीत 'डिस्क' वर जा. सी ड्राइव्ह एसएसडी आहे की एचडीडी (जुनी फिरती हार्ड डिस्क) हे विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत डिस्कच्या नावाखालीच लिहिलेले असते. दोनपैकी काय आहे यावर पुढचा बराच निर्णय अवलंबून आहे. शेवटी सी ड्राइव्हची एकूण आणि मोकळी जागा लिहा.

३. कमिटचा उच्चांक मोजा

टास्क मॅनेजर आत्ताचा आकडा दाखवतो, उच्चांक दाखवत नाही. त्यासाठी प्रोसेस एक्सप्लोरर.

आधी कॉम्प्युटर 'रीस्टार्ट' करा. 'शट डाउन' करून पुन्हा चालू करू नका. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउनमध्ये सिस्टमचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. खरी कोरी सुरुवात फक्त रीस्टार्टने होते.

मग दिवसभर घरात जे चालते ते सगळे चालू करा, आणि मुद्दाम जड दिवस धरा: क्लासचा व्हिडिओ, क्रोममध्ये मुलीचे नेहमीचे वीस-पंचवीस टॅब, टॅली, व्हॉट्सअ‍ॅप, मुलाचा गेम. घरी कोणी फोटोशॉप किंवा व्हिडिओ एडिटिंग करत असेल तर नेहमीचे सगळ्यात मोठे प्रोजेक्ट उघडा. काही बंद न करता तासभर खरे काम करा.

नंतर प्रोसेस एक्सप्लोररमध्ये कंट्रोल आणि आय दाबा. 'सिस्टम इन्फर्मेशन' उघडते, त्यात 'मेमरी' टॅब. 'कमिट चार्ज' या चौकटीत करंट, लिमिट आणि पीक या ओळी बघा. पीक म्हणजे कॉम्प्युटर चालू झाल्यापासूनचा उच्चांक. आकडे केबीमध्ये असतात. १०२४ ने दोनदा भागले की जीबी. १,३८,४१,२०० दिसले तर साधारण १३.२ जीबी.

एवढ्या एका आकड्यासाठी सगळा खटाटोप आहे. वहीत त्याभोवती गोल करा.

४. दुखणे कोणते ते ओळखा

'कॉम्प्युटर हँग होतो' या एका तक्रारीखाली दोन वेगळी दुखणी असतात आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबतो.

पहिले दुखणे: कमिटची मर्यादा संपणे. खुणा स्पष्ट असतात. मेमरी कमी असल्याची सूचना येते, प्रोग्रॅम मध्येच बंद पडतात, गेम सुरू होता होता डेस्कटॉपवर परत येतो, पण त्याच्या आधीपर्यंत सगळे वेगात चाललेले असते. पुरावाही मिळतो. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा, 'विंडोज लॉग्ज' मध्ये 'सिस्टम', आणि तिथे 'रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर' या स्रोताची २००४ क्रमांकाची नोंद आहे का बघा. असेल तर त्या वेळी सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेल्या प्रोग्रॅमची नावेही तिथे लिहिलेली असतात. या दुखण्यावर पेजफाइल वाढवणे हे खरे औषध आहे.

दुसरे दुखणे: रॅम अपुरी आणि डिस्कवर सतत ये-जा. यात काही बंद पडत नाही, सगळे रांगत चालते. एका टॅबवरून दुसऱ्यावर गेलात की पान पांढरे पडते, माउसचा बाण गोल गोल फिरतो, कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा छोटा दिवा लुकलुकायचे सोडून सलग पेटलेला राहतो आणि आतून कुरकुर ऐकू येते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर चिकटते. 'रिसोर्स मॉनिटर' च्या मेमरी टॅबमध्ये 'हार्ड फॉल्ट्स' चा, म्हणजे डिस्कवरून पेज आणावे लागल्याच्या वेळांचा, आलेख बघा. नवा प्रोग्रॅम उघडताना तो उसळतोच, कारण प्रोग्रॅमची स्वतःची फाइलही डिस्कवरूनच येते. तेवढ्याने निष्कर्ष काढू नका. कोणतीच नवी गोष्ट उघडत नसताना तो मिनिट-दोन मिनिटे वरच राहिला तर मात्र रॅम कमी आहे.

या दुसऱ्या दुखण्यात पेजफाइल चौपट केली तरी वेग तसूभर वाढत नाही. कारण साधे आहे. रॅममधून मजकूर काढायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. लॅपटॉपमधली जुनी डिस्क मिनिटाला ५४०० फेरे फिरते; नुसता अर्धा फेरा व्हायलाच साडेपाच मिलिसेकंद, वर डोके सरकवायचा वेळ वेगळा. म्हणजे १ लाख पटीचा फरक. साध्या साटा एसएसडीवर हाच फरक हजार पटीच्या आसपास येतो. म्हणून जुन्या मशिनमध्ये फक्त हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तरी घरच्यांना नवा कॉम्प्युटर आणल्यासारखे वाटते.

५. आता निर्णय घ्या

*८ जीबी रॅम, एसएसडी, नेहमीचे घरगुती काम.* काही करू नका. 'ऑटोमॅटिक' राहू द्या. विंडोज गरजेप्रमाणे पेजफाइल वाढवते. मायक्रोसॉफ्टच्या नियमाप्रमाणे कमाल आकार रॅमच्या तिप्पट किंवा ४ जीबी, यातला जो मोठा तो, पण ड्राइव्हच्या एकूण आकाराच्या एक अष्टमांशाच्या आत. तुमचे काम एवढेच की सी ड्राइव्हवर निदान २०-२५ जीबी मोकळी ठेवा.

या 'एक अष्टमांश' मध्ये एक खोच आहे. काही दुकानांत नवी ५१२ जीबीची एसएसडी बसवताना सी ला फक्त १०० जीबी देतात आणि बाकीचा डी करतात. मग ८ जीबी रॅमवर २४ जीबीपर्यंत वाढू शकणारी पेजफाइल साडेबारावरच अडते. आणि तो १०० जीबीचा सी वर्षभरात लाल होतो, म्हणजे तेवढीही जागा उरत नाही. नवी डिस्क बसवून घेताना सांगा: एकच सी ठेवा, नाहीतर सी निदान २०० जीबीचा करा.

*४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क.* कोचिंगच्या मुलांचे लॅपटॉप बहुधा असेच. विंडोज ११ ची किमान अटच ४ जीबी आहे, त्यामुळे इथे सुरुवातच काठावर होते. इथेही ऑटोमॅटिकच बरे. फिरत्या डिस्कवर पेजफाइल अधूनमधून वाढत राहिली तर तिचे तुकडे होतात, ते टाळायचे असेल तर सुरुवातीचा आकार ४०९६ आणि कमाल ८१९२ एमबी ठेवा. पण पैसे साठवून एसएसडी घ्या, ती आकड्यांच्या खेळापेक्षा कितीतरी जास्त देईल.

*१६ जीबी, व्हिडिओ एडिटिंग किंवा मोठे गेम.* इथे मोजलेला आकडा कामाला येतो. विंडोजच्या अंतरंगावर अधिकाराने लिहिणारे मार्क रसिनोविच यांनी सुचवलेली पद्धत मला सगळ्यात पटते: उच्चांकातून रॅम वजा करा, ती पेजफाइलची किमान, तिच्या दुप्पट, ती कमाल. रॅम १५.८ आणि उच्चांक २३ जीबी असेल तर फरक ७.२. वरचा पूर्ण आकडा ८ धरा: किमान ८१९२ एमबी आणि कमाल १६३८४ एमबी. उच्चांक रॅमपेक्षा कमीच आला तर ऑटोमॅटिक ठेवून मोकळे व्हा. आणि फोटोशॉपची स्वतःची 'स्क्रॅच डिस्क' असते, तिचा पेजफाइलशी संबंध नाही. ती भरल्याची तक्रार येत असेल तर फोटोशॉपच्याच सेटिंगमध्ये जायचे.

*८ जीबी, पण पहिल्या दुखण्याची खात्री पटलेली.* वरचाच हिशेब. उच्चांक १३.२, रॅम ७.८, फरक ५.४. किमान ६१४४, कमाल १२२८८. मर्यादा संपल्यामुळेच प्रोग्रॅम कोसळत असेल तर मोजलेला उच्चांक खऱ्या गरजेपेक्षा कमी असतो, कारण विंडोजने पुढची मागणी नाकारलेली असते. अशा वेळी आधी कमाल आकार सढळ ठेवा, मग परत मोजा.

'रॅमच्या दीडपट' हा नियम यात कुठेच नाही. तो रॅम शेकड्यांनी एमबीमध्ये मोजायच्या काळातला आहे. आज तो उलटा पडतो: ३२ जीबी रॅमवाल्याला ४८ जीबी डिस्क अडकवायला सांगतो, जिथे त्याला बहुधा ४ देखील पुरतील, आणि ४ जीबीवाल्याला ६ वर थांबवतो, जिथे त्याला जास्त लागेल.

६. सेटिंग बदला

विंडोजची की आणि आर दाबा. छोटी चौकट येते. फोनवर सांगताना मी असे सांगतो: इंग्रजी अक्षरे एस, वाय, एस, डी, एम, मग टिंब, मग सी, पी, एल. मध्ये जागा सोडायची नाही. एंटर.

क. वर 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅब. त्यात 'परफॉर्मन्स' च्या चौकटीतले 'सेटिंग्ज' बटण. तिथे तीन सेटिंग्ज बटणे एकाखाली एक आहेत, पहिलेच दाबा.

ख. नव्या खिडकीत पुन्हा 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅब, खाली 'व्हर्च्युअल मेमरी', तिथे 'चेंज'.

ग. सगळ्यात वरची 'ऑटोमॅटिकली मॅनेज' ची खूण काढा. खालच्या राखाडी ओळी जिवंत होतात.

घ. यादीतून सी ड्राइव्ह निवडा, 'कस्टम साइज' वर टिंब द्या, 'इनिशिअल' मध्ये किमान आणि 'मॅक्सिमम' मध्ये कमाल आकडा टाका. आकडे एमबीमध्ये. ८ जीबी म्हणजे ८१९२. तिथे नुसते ८ किंवा ८०० टाकू नका.

च. 'सेट' बटण दाबा. नंतर ओके. मधले 'सेट' न दाबता थेट ओके केले तर आकडे लागूच होत नाहीत, खिडकी मात्र मुकाट बंद होते. फोनवर मदत करताना मी या पायरीला दोनदा विचारतो.

छ. बाकीच्या खिडक्यांनाही ओके, आणि रीस्टार्ट. पुन्हा सांगतो, शट डाउन नव्हे.

परत मूळ स्थितीत जायचे असेल तर तीच खिडकी, वरची खूण परत लावायची, ओके, रीस्टार्ट. एवढेच. त्यामुळे प्रयोगाची भीती बाळगू नका.

७. लागू झाले का ते बघा

टास्क मॅनेजरमध्ये कमिटची मर्यादा आता रॅम अधिक तुमचा किमान आकडा एवढी दिसायला हवी. कमाल आकडा तिथे लगेच दिसत नाही, गरज पडेल तशी मर्यादा वर सरकते. चालू झाल्या झाल्या 'विंडोजने तात्पुरती पेजिंग फाइल तयार केली' अशी सूचना आली तर सेटिंगमध्ये काहीतरी चुकले आहे. बहुतेक वेळा जागा नसलेला ड्राइव्ह निवडलेला असतो.

मग आठवडाभर नेहमीसारखे वापरा आणि २००४ क्रमांकाची नवी नोंद आली का बघा. ती येतच राहिली आणि दर वेळी एकाच प्रोग्रॅमचे नाव दिसले, तर दोष त्या प्रोग्रॅमचा असू शकतो: घेतलेली मेमरी तो परत करत नाही. अशा प्रोग्रॅमला कितीही मोठी पेजफाइल दिली तरी तो ती खाऊन टाकतो. तो अपडेट करा, नाहीतर बदला.

८. लोक जिथे अडकतात त्या जागा

पेजफाइल शून्य करणे. 'स्पीड वाढतो' म्हणून दुरुस्तीवाले हे करून देतात. ओळखीच्या एका काकूंचा ८ जीबीचा कॉम्प्युटर असाच करून आला होता. मर्यादा ७.८ वर गोठलेली, आणि मंडळाच्या कार्यक्रमाची यादी एक्सेलमध्ये भरता भरता सगळे बंद पडायचे. पेजफाइल नसली की कधी न वापरली जाणारी पेजेसही रॅममध्येच अडकून राहतात. शिवाय निळा पडदा आला, म्हणजे विंडोजच कोसळली, तर त्याचे कारण नोंदवायलाही विंडोजला पेजफाइल लागते. ३२ जीबी रॅम असली तरी ती शून्य करू नका.

'एसएसडी झिजते' ही भीती. विंडोज ७ करणाऱ्या इंजिनिअरांनी २००९ साली त्यांच्याकडची माहिती मांडली होती: पेजफाइलमध्ये एका लेखनामागे सुमारे ४० वाचने होतात, आणि झीज होते ती लेखनाने. शिवाय ५०० जीबीच्या सॅमसंग ८७० इव्होला कंपनीने ३०० टेराबाइट लेखनाची हमी दिली आहे. पेजफाइलने रोज १० जीबी लिहिले, जे घरगुती वापरात खूपच झाले, तरी वर्षाला ३.६५ टेराबाइट. हिशेब तुम्हीच करा. घरात एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही असतील तर पेजफाइल एसएसडीवरच ठेवायची.

त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर हलवणे. सी आणि डी एकाच हार्ड डिस्कचे दोन भाग असतील तर फायदा शून्य, उलट डिस्कच्या डोक्याला लांब पल्ले मारावे लागतात. सी वर जागाच नाही आणि दुसरी खरी वेगळी डिस्क आहे, तेव्हाच हलवा, आणि तरीही सी वर छोटी पेजफाइल राहू द्या. पेन ड्राइव्हवर किंवा एसडी कार्डवर तर नाहीच.

रॅम क्लीनर आणि बूस्टर. हे प्रोग्रॅम सगळ्यांची पेजेस जबरदस्तीने रॅमबाहेर ढकलतात. आकडा क्षणभर छान दिसतो, मग तीच पेजेस परत आणताना कॉम्प्युटर आणखी रांगतो. विंडोज १० पासून सिस्टम स्वतःच थंड पडलेली पेजेस आधी रॅममध्येच दाबून लहान करते; तिला तिचे काम करू द्या. रॅम ७०-८० टक्के भरलेली दिसणे हा आजार नाही.

जागा हवी म्हणून पेजफाइल खोडायला बघणे. चालू विंडोज तिला खोडू देत नाही, आणि देऊही नये. जागा हवी तर डाउनलोड फोल्डर बघा, व्हॉट्सअ‍ॅपचे लग्नाचे व्हिडिओ बघा, 'डिस्क क्लीनअप' चालवा. 'हायबरनेशन' ची (रॅममधले सगळे डिस्कवर साठवून बंद होण्याची) फाइलही कित्येक जीबी धरते. डेस्कटॉपवर हायबरनेट वापरत नसाल तर ते बंद करता येते.

वीज गेली तर पेजफाइलमधला मजकूर जातो का, हे बऱ्याच जणांनी विचारले आहे. तो पुढच्या वेळी वापरलाच जात नाही, त्यामुळे त्यात गमावण्यासारखे काही नसते. सेव्ह न केलेले काम मात्र रॅमबरोबर जाते. यूपीएस घ्यायचा तो त्याच्यासाठी.

लिनक्स टाकलेल्यांसाठी दोनच ओळी. तिथे याला स्वॅप म्हणतात, आणि लिनक्स पत्रिका मोजून वाटत नाही. सढळ हाताने वाटते आणि खरोखर सगळे आले तर एखाद्या मोठ्या प्रोग्रॅमला उठवून देते. ४ ते ८ जीबीच्या घरगुती मशिनवर ४ जीबीची स्वॅप फाइल ठेवून पुढे चला.

९. रॅमच घ्यायची ठरली तर

दुसरे दुखणे निघाले असेल तर हाच रस्ता. सिल्व्हर मॉलला, म्हणजे कॉम्प्युटरच्या दुकानांत, जाण्याआधी तीन गोष्टी लिहून न्या: रॅमचा प्रकार डीडीआर३, ४ की ५ (एकाची दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही), डेस्कटॉपची की लॅपटॉपची छोटी पट्टी, आणि किती स्लॉट मोकळे. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असू शकते. मॉडेल नंबर दाखवून आधी विचारा. दोन दुकानांत भाव विचारा, वॉरंटी बिलावर लिहून घ्या. बसवल्यावर दुकानातच टास्क मॅनेजर उघडून पूर्ण रॅम दिसते का बघा आणि मगच पैसे द्या.

रॅम वाढवल्यावर तुम्ही हाताने टाकलेले जुने पेजफाइलचे आकडे तसेच राहतात. घरी येऊन ऑटोमॅटिकची खूण परत लावा आणि पुन्हा एकदा उच्चांक मोजा.

एसएसडी घेऊन जुनी हार्ड डिस्क कोणाला देणार असाल तर आणखी एक काम. पेजफाइलमध्ये रॅममधलाच मजकूर उतरलेला असतो, त्यात उघडलेली पत्रे, बँकेची पाने, क्वचित पासवर्डही सापडू शकतात. नुसत्या 'क्विक फॉरमॅट' ने ते पुसले जात नाहीत. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा, फॉरमॅट करताना 'क्विक' ची खूण काढा आणि पूर्ण फॉरमॅट होऊ द्या. मोठ्या डिस्कला कित्येक तास लागतात, रात्री लावून ठेवा. एसएसडी द्यायची असेल तर ती बनवणाऱ्या कंपनीच्या टूलमधला 'सिक्युअर इरेज' वापरा.